एका माशीची चार नावे

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतीय आंब्यासाठी आपली बाजारपेठ बंद केली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानेही अडली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसह निरनिराळ्या किडी आढळल्या, हे त्याचे कारण देण्यात आले. हंगाम ऐन भरात होता. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांपासून लंडन-लेस्टरच्या फळविक्रेत्यांपर्यंत सगळेच हवालदिल झाले. आपल्याकडे त्या दिवसांत व्यापारातील दुटप्पीपणाबद्दल, वसाहतवादी मनोवृत्तीबद्दल आणि राष्ट्रीय अस्मितेबद्दल पुष्कळ बोलले गेले. ज्या माशीवरून हे सारे घडले, तिच्याबद्दल मात्र जवळजवळ कोणीच बोलले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एक निवेदन प्रसिद्ध केले. जगातील सर्वांत विध्वंसक मानल्या जाणाऱ्या फळमाश्यांपैकी चार प्रजाती वास्तविक एकच आहेत, असा निष्कर्ष वीस देशांतील सुमारे पन्नास संशोधकांनी काढला होता. ही बातमी विज्ञानाच्या पानावर कोपऱ्यात छापली गेली आणि विसरली गेली. आंब्यावरील बंदी राजकारणाचा विषय ठरली आणि माशीचे नाव कीटकशास्त्रज्ञांकडे सोपवले गेले. या दोन्ही गोष्टींची मुळे एकाच मातीत आहेत, हे आपल्या धोरणकर्त्यांच्या फारसे ध्यानात आले नाही. एखाद्या माशीला ‘नवी प्रजाती’ म्हणून नाव देणे, आणि पुढे ते नाव मागे घेणे, ही प्रयोगशाळेतील निरुपद्रवी विद्वत्ता नसते. त्या नावावर बंदरे उघडतात किंवा बंद होतात.

नावाचा इतिहास

ही माशी घरमाशीपेक्षा फार मोठी नसते. अंगावरचे काळे-पिवळे पट्टे पाहून प्रथमदर्शनी ती लहानशी गांधीलमाशी वाटते. पंख पारदर्शक, त्यांच्या पुढच्या कडेला तपकिरी रेघ, आणि पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण. मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीला टोकदार अंडनलिकेने भोक पाडून सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खात वाढतात, मग जमिनीत जाऊन कोषावस्थेत शिरतात, आणि उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. आंबा, पेरू, पपई, चिकू, संत्री यांसह तीनशेहून अधिक वनस्पतींच्या फळांवर ती वाढू शकते. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत वळवळणारी अळी दिसावी, हा अनुभव भारतातील प्रत्येक घराला आहे.

शास्त्राच्या दप्तरात या माशीची नोंद सरळ झाली नाही. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९४ साली तिला ‘मुस्का फेरुजिनिआ’ असे नाव दिले. परंतु स्कोपोली याने १७६३ मध्येच ते नाव दुसऱ्या एका माशीला दिले होते. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार एकच नाव दोघांना चालत नाही. आधी ज्याचे, त्याचेच ते राहते. म्हणून फॅब्रिशियसचे नाव बाद ठरले. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातील आंब्यावरच्या माशीला कृषी अहवालांत ‘फेरुजिनिअस’ हेच विशेषण लावले जाई. १९१२ साली ऑस्ट्रियाच्या हेंडेल याने फॉर्मोसा, म्हणजे आजच्या तैवानमधून आलेल्या नमुन्यांवरून ‘डेकस डॉर्सालिस’ हे नाव प्रसिद्ध केले. आज सर्वमान्य असलेले ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’ हे नाव त्यातूनच आले. भारतीय आंब्याच्या वैऱ्याचे अधिकृत नाव अशा रीतीने तैवानच्या नमुन्यावर ठरले.

त्या काळी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील फळमाश्यांचे नमुने ओळखीसाठी इटलीतील मारिओ बेझ्झी यांच्याकडे पाठवले गेले आणि त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला. वसाहतीत नमुने गोळा व्हायचे आणि नाव युरोपात ठरायचे. भूमापन, जनगणना आणि गॅझेटिअर यांचा इतिहास वाचणाऱ्याला ही रचना अपरिचित नाही. ज्याच्याकडे नोंदवही असते त्याच्याकडे अधिकार जातो, हा प्रशासनाचा जुना धडा आहे, आणि तो कीटकांनाही लागू पडतो.

नवी प्रजाती कशी ठरते

‘नवी प्रजाती सापडली’ असे आपण वाचतो, तेव्हा जंगलात कोणी तरी पहिल्यांदा एखादा जीव पाहिला, असे चित्र डोळ्यांसमोर येते. बहुतेक वेळा तसे नसते. त्या जीवाला लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेले असते. नवे असते ते विधान. हा जीव आजवर नोंदलेल्या सर्वांपेक्षा वेगळा आहे, हे विधान पुराव्यानिशी मांडावे लागते.

त्यासाठी लागणारे काम अतिशय किचकट असते. नमुना टाचणीवर किंवा अल्कोहोलमध्ये जपायचा. डोके, छाती, पंखांतील शिरांची रचना, पायांवरचे रंग, मादीच्या अंडनलिकेची लांबी, नराच्या जननेंद्रियांची ठेवण, हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून लिहायचे. मग जवळच्या प्रत्येक ज्ञात प्रजातीच्या मूळ नमुन्याशी ते ताडून पाहायचे. नाव देताना संशोधकाला एका विशिष्ट नमुन्याकडे बोट दाखवावे लागते. त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. पुढे कितीही वाद झाले तरी त्या नावाचा अर्थ त्या एका नमुन्याशी बांधलेला राहतो. जमिनीच्या मोजणीत सरहद्दीचा दगड जे काम करतो, तेच नामकरणात होलोटाइप करतो. दगड हरवला की वाद वाढतात. भारतीय कीटकांच्या कित्येक प्रजातींचे असे दगड आजही लंडन आणि युरोपातील इतर संग्रहालयांत आहेत.

हे सारे ज्या नियमांनी चालते, त्या आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आली. संहितेचा आरंभबिंदू १७५८ हे वर्ष आहे, कारण लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षातली. संहिता नाव कसे द्यावे एवढेच सांगते. प्रजाती खरोखर वेगळी आहे की नाही, याचा निवाडा ती करत नाही. तो संशोधकांच्या पुराव्यावर आणि पुढच्या पिढीच्या फेरतपासणीवर सोडलेला आहे. फळमाशीच्या बाबतीत नेमकी याच जागी गुंतागुंत झाली.

आक्रमक माशीचा उदय आणि अस्त

१९९४ साली ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड ड्रू आणि डेव्हिड हॅन्कॉक यांनी आशियातील डॉर्सालिस समूहाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बावन्न प्रजाती नोंदवल्या होत्या आणि त्यांतील चाळीस नव्या होत्या. त्यांत ‘पपाये’ आणि ‘फिलिपिनेन्सिस’ ही दोन नावे होती. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील केर्न्सजवळ ही ‘पपाये’ माशी आढळली. तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हायला १९९९ उजाडले. तोपर्यंत तिथल्या फळबागायतदारांना बाजारपेठांच्या निर्बंधांचा मोठा फटका बसला होता.

२००३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीवरील सापळ्यांत एक अनोळखी माशी सापडली. नैरोबीतील आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र केंद्रातील संशोधकांना ती डॉर्सालिस समूहातील आहे एवढे कळले. पण छातीवरचा रंग जुळेना. डॉर्सालिसची छाती बहुधा काळी असते. या माशीत ती तांबूस-तपकिरीपासून काळ्यापर्यंत कोणतीही असे. तशाच माश्या श्रीलंकेत असल्याचे लक्षात आले. २००५ साली ड्रू, जपानचे त्सुरुता आणि लंडनचे इयन व्हाइट यांनी तिचे ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’, म्हणजे ‘आक्रमण करणारी’, असे नामकरण केले. नाव सार्थ ठरले. काही वर्षांतच ती सेनेगलपासून मोझांबिकपर्यंत पसरली.

नाव छापले गेले आणि त्याबरोबर सरकारी यंत्रणा हलली. देशोदेशींच्या क्वारंटाइन याद्यांत एका नव्या, धोकादायक किडीची भर पडली. केनियाच्या अव्होकॅडोसाठी दक्षिण आफ्रिकेची बाजारपेठ काही काळ बंद झाली. डॉर्सालिससाठी अनेक दशकांच्या प्रयोगांतून मान्य झालेल्या उष्णतेच्या किंवा शीतप्रक्रिया या ‘नव्या’ माशीला आपोआप लागू होत नव्हत्या. त्यांची परिणामकारकता नव्याने सिद्ध करावी लागत होती. प्रत्येक प्रयोगाला पैसा आणि वर्षे लागतात, आणि ती आफ्रिकेतील लहान शेतकऱ्याकडे नसतात.

शंका मात्र वाढत होती. वांझ केलेले नर मोठ्या संख्येने सोडून माशीचे प्रजनन रोखण्याचे तंत्र व्हिएन्नातील संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळा विकसित करतात. या तंत्राची एक साधी अट आहे: सोडलेला नर आणि रानातील मादी एकाच प्रजातीचे हवेत, नाही तर मीलनच होणार नाही. त्यामुळे कोणती माशी नेमकी कोणाची, हा प्रश्न तिथे टाळता येण्याजोगा नव्हता. अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी एकत्रित संशोधन कार्यक्रम आखला. मोठ्या पिंजऱ्यांत झाडे ठेवून निरनिराळ्या ‘प्रजातीं’च्या माश्या एकत्र सोडण्यात आल्या. त्या एकमेकींत बिनदिक्कत मीलन करत होत्या आणि संततीही प्रजननक्षम निघत होती. नरांची मीलनगंधद्रव्ये सारखी होती. गुणसूत्रांत भेद नव्हता. अंडनलिकेची लांबी आणि पंखांचा आकार हे थायलंडपासून मलायापर्यंत एका सलग उतारावर बदलत जात होते. मध्ये कुठे सीमारेषा आखावी, अशी जागाच नव्हती. छातीचा रंग तर एकाच ठिकाणच्या माश्यांतही बदलत होता.

निष्कर्ष असा निघाला की पपाये, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हेडन्स ही तिन्ही डॉर्सालिसचीच पर्यायनामे आहेत. १९१२ चे नाव सर्वांत जुने, म्हणून तेच उरले. याच समूहातील ‘कॅरम्बोले’ ही प्रजाती मात्र तपासणीत खरोखर वेगळी ठरली आणि तिचे नाव कायम राहिले. हा निर्णय सर्वांनाच पटला असे नाही. काही अभ्यासकांनी पुढेही मतभेद नोंदवले. तरी व्यवहारात जगाने तो स्वीकारला. उष्णतेच्या, वाफेच्या आणि शीतप्रक्रियांचे जुने पुरावे एका फटक्यात आफ्रिकेलाही उपयोगी पडू लागले.

इथे विज्ञान चुकले आणि मग सुधारले, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. २००५ चे वर्णन बेजबाबदार नव्हते. त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर ते उभे होते, आणि एका अनोळखी संकटाकडे लक्ष वेधण्याचे काम त्याने केले. खरी उणीव पुढे होती. वैज्ञानिक विधान हे तात्पुरते असते, आणि सरकारी यादीत गेले की ते कायमचे होते. यादीत नाव घालायला एक बैठक पुरते. काढायला दहा वर्षे आणि वीस देश लागतात. ज्याने फायलींवर टिपणे लिहिली आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

एकाची पाच आणि चारांची एक

याचा अर्थ नव्या प्रजातींची वर्णने संशयानेच पाहावीत, असा मात्र नाही. उलट उदाहरण आपल्याच देशातील आहे, आणि तेही द्विपंखी कीटकांतील, म्हणजे माशीच्याच गणातील. ग्रामीण भारतात हिवतापाचा प्रमुख वाहक असलेला ‘अॅनोफेलिस क्युलिसिफेसिज’ हा डास अनेक दशके एकच प्रजाती समजला जात असे. १९८० पासूनच्या गुणसूत्रांच्या अभ्यासातून आणि दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील कामातून त्यात पाच भावंड-प्रजाती असल्याचे उघड झाले. त्यांना अ, ब, क, ड, ई अशाच खुणांनी ओळखले जाते. दिसायला त्या सारख्याच. पण ‘ब’ हा वाहक म्हणून क्षीण आहे, आणि कीटकनाशकांना मिळणारा प्रतिसादही सगळ्यांत सारखा नाही. जिथे ‘ब’चेच प्राबल्य आहे तिथे फवारणीवर पैसा ओतणे आणि जिथे इतर आहेत तिथे दुर्लक्ष करणे, ही चूक केवळ ओळखीच्या अभावी होऊ शकते.

म्हणजे एकीकडे चार समजलेल्या एक निघाल्या आणि दुसरीकडे एक समजलेले पाच निघाले. दोन्ही बाबतींत सार्वजनिक पैसा, आरोग्य आणि उपजीविका पणाला लागलेली होती. दोन्ही बाबतींत उत्तर घोषणांनी मिळाले नाही. ते अनेक वर्षे चिकाटीने नमुने पाहणाऱ्या माणसांनी दिले.

पूसाचा वारसा

या क्षेत्रात भारत नेहमीच दुसऱ्याच्या नोंदवहीवर अवलंबून होता असे नाही. बिहारमधील पूसा येथे लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०५ साली, अमेरिकी दानशूर हेन्री फिप्स यांच्या देणगीतून कृषी संशोधन संस्था उभी राहिली. तिथले कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली. डासांना पळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर झुंडीने ओढले जात होते. १९१५ पर्यंत त्यांनी त्यामागील द्रव्यांचा शोध घेऊन मेथिल युजेनॉलचे आकर्षण जगापुढे मांडले. आज जगभर फळमाशीची पाहणी आणि नियंत्रण ज्या सापळ्यांनी होते, त्यांतील गंधद्रव्य हेच आहे. प्रशांत महासागरातील रोटा बेटावरून १९६० च्या दशकात याच द्रव्याच्या साहाय्याने ही माशी समूळ हटवण्यात आली. केनियात २००३ साली अनोळखी माशी जाळ्यात आली, तीही सापळ्यांमुळेच. कोकण कृषी विद्यापीठाने बागायतदारांसाठी आणलेला ‘रक्षक’ सापळा याच परंपरेतील आहे. १९३४ च्या भूकंपात पूसाची इमारत उद्ध्वस्त झाली आणि संस्था दिल्लीला हलली. तिचा कीटकसंग्रह आजही तिथे आहे.

कामाची ही परंपरा खंडित झालेली नाही. २०११ साली बंगळूरुच्या संशोधकांनी दक्षिण भारत आणि अंदमान-निकोबारमधील फळमाश्यांची सचित्र ओळख-किल्ली प्रसिद्ध केली. १९१६ पासून कार्यरत असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ३० जून २०२४ रोजी देशातील समग्र प्राणिसृष्टीची सूची जाहीर केली. तीत १,०४,५६१ प्रजाती आहेत. दरवर्षी नव्या प्रजातींची वेगळी यादीही निघते. हे अभिमानास्पद आहे. पण आकडा मोठा होण्यात आपण समाधानी राहिलो, तर फळमाशीची गोष्ट आपण नीट ऐकली नाही असे होईल.

काय करावे लागेल

पहिली अडचण कायद्याच्या अंमलबजावणीची आहे. जैविक विविधता कायदा, २००२ मधील कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने तिची सूचना नियुक्त संग्रहालयाला द्यावी आणि नमुना तिथे जमा करावा, असे बंधन आहे. मूळ नमुना देशात राहावा, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. होलोटाइप दूरदेशी राहिल्याची किंमत आपण शतकभर मोजली आहे. परंतु ओळख ही तुलनेवर चालते, आणि तुलनेसाठी नमुने सीमेपलीकडे जावे-यावे लागतात. केरळचे के. डी. प्रतापन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच तक्रार मांडली. पस्तीस देशांतील १७२ शास्त्रज्ञांनी त्यांना पाठिंबा दिला. जैविक लुटीला आळा घालणारे नियम निर्धन संशोधकालाच अडवू लागले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यातील फौजदारी शिक्षा जाऊन आर्थिक दंड आला. औषध कंपनीने नेलेला वनस्पतीचा अर्क आणि संग्रहालयाने उसना दिलेला माशीचा नमुना यांतील फरक प्रशासनाने रोजच्या व्यवहारात ओळखणे, हे मात्र अजून व्हायचे आहे.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारात वर्गीकरणतज्ज्ञांच्या टंचाईला अडथळा म्हणून स्वतंत्र मान्यता आहे. हे शास्त्र प्रतिष्ठेच्या चालू मापांत बसत नाही. २०२० साली प्राणिवर्गीकरणातील सर्वांत मोठ्या नियतकालिकांपैकी एक असलेल्या ‘झूटॅक्सा’ला संदर्भगणनेच्या जागतिक यादीतून काही आठवडे वगळण्यात आले, कारण त्यातील लेख त्याच नियतकालिकातील जुन्या लेखांचे फार संदर्भ देत होते. जगभरातून निषेध झाल्यावर निर्णय फिरला. ज्या शास्त्राचा धर्मच जुन्या नोंदी तपासण्याचा, त्याला जुने संदर्भ दिल्याबद्दल शिक्षा व्हावी, यापेक्षा आपल्या मूल्यमापनाच्या पद्धतीवर बोलके भाष्य कोणते? नवे नाव देणाऱ्याला जे श्रेय मिळते, तेच चुकीचे नाव मागे घेणाऱ्याला मिळाले पाहिजे. दहा नव्या प्रजातींपेक्षा तीन खोट्या प्रजाती पुसणारा एक निबंध देशाला अधिक उपयोगी पडू शकतो.

तिसरी गोष्ट व्यापाराची. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक करार लागू आहे. आयातीवरील निर्बंध वैज्ञानिक आधारावर असले पाहिजेत, असे तो सांगतो. म्हणजे वाटाघाटींच्या टेबलावरचे शस्त्र पुराव्याचे आहे. बंदरावर फळात सापडते ती अळी असते. अळीवरून प्रजाती ओळखणे कठीण, आणि डॉर्सालिस समूहात प्रचलित जनुकीय चाचणीही नेहमी निर्णायक नसते. अशा वेळी समोरच्या देशाने लिहिलेले नाव आपण निमूट मान्य करतो की स्वतःची खात्रीशीर ओळख मांडतो, हा प्रश्न कोट्यवधी रुपयांचा असतो. प्रमुख बंदरांवर अळी वाढवून प्रौढ माशी ओळखण्याची सोय, देशातील संग्रहांचे डिजिटल छायाचित्रण, आणि निर्यातीच्या प्रत्येक शिष्टमंडळात एक वर्गीकरणतज्ज्ञ, एवढी तजवीज खर्चिक नाही. आयातीच्या बाजूने तर ती अधिकच निकडीची आहे. १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड कायदा आणि २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश यांतील प्रत्येक यादी शेवटी कोणाच्या तरी सूक्ष्मदर्शकावर विसंबून असते.

भारतीय आंबा पुन्हा युरोपात गेला, तो २०१५ च्या सुरुवातीला. तपासणी झालेल्या पॅकहाउसमधून आणि उष्णतेच्या प्रक्रियेनंतर. त्याआधी १९८६ मध्ये जपानने फळमाशीच्या कारणावरून घातलेली बंदी उठायला वीस वर्षे लागली होती. २००७ साली लासलगावच्या विकिरण केंद्रातून ४०० ग्रे मात्रा दिलेला आंबा अमेरिकेला जाऊ लागला. प्रत्येक वेळी दार उघडले ते मुत्सद्देगिरीने, आणि त्या मुत्सद्देगिरीच्या हातात कोणी तरी केलेल्या मोजमापांचे कागद होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या गोष्टीत एक क्रम दिसतो. अठराव्या शतकात फॅब्रिशियसने दिलेले नाव नियमात बसले नाही. विसाव्या शतकात हेंडेलने दुसऱ्या देशातील नमुन्यावर ते बसवले. १९९४ आणि २००५ मध्ये त्या नावाचे तुकडे झाले, आणि २०१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. या दोन शतकांत माशी तीच राहिली. बदलत गेली ती तिच्याकडे पाहणारी माणसे आणि त्यांच्या हाती असलेली साधने. शासनाने त्या माणसांवर वेळीच खर्च केला, तर पुढच्या खेपेला बंदरावर अळी सापडेल तेव्हा तिचे नाव आपण सांगू. नाही तर दुसऱ्याने लिहिलेल्या नावाखाली सही करणे आपल्या वाट्याला येईल.